तीन हात कापड, एक हात रस्ता

१४ ऑगस्ट

दादा,

वरती 'प्रिय' लिहिलेलं नाही. मागच्या पत्रात लिहिलं होतं, तर तू ते पत्र लाल पेनाने तपासून परत पाठवलंस आणि पहिली रेघ 'प्रिय'खालीच होती. गणिताच्या मास्तरने शुद्धलेखनात नाक खुपसावं म्हणजे कमाल आहे.

भांडण होतं तिथेच आहे. तू म्हणालास, "एकदा तरी कुठे बूड टेकव." मी म्हणाले, "मी काय हंडा आहे का, एका जागी ठेवायला?" आणि आई मधे पडायच्या आत निघाले. मी निघाले ते बरोबरच होतं. तूही थोडासा बरोबर असशील. थोडासाच.

बंदरावर जायचं माझं पक्कं आहे. थंडीच्या तोंडावर मोठ्या बोटींवर स्वयंपाकाला माणसं घेतात. शिक्षण विचारत नाहीत, कांदे सोलताना रडता का एवढंच विचारतात. हे मला एका बस-ड्रायव्हरने सांगितलं. तो गाडी चालवता चालवता डुलकी काढायचा आणि डुलकीत हसायचा, त्यामुळे अख्खी बस जागी. पण मी ते सांगत नव्हते. मी इथे कशी उतरले ते सांगत होते, आणि तेच मला नीट सांगता येत नाही. गाडी थांबली, पाय आखडले होते, दोन पावलं चालावं म्हणून उतरले. समोर पाटी दिसली, 'चुण्या घालून मिळतील'. गाडी गेली ते मला कळलंसुद्धा नाही. माझी पिशवी माझ्या हातात होती, म्हणजे मीच ती काढून घेतली असणार.

आत एक उंच बाई होती. केस पांढरे, मानेभोवती टेप. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "आलीस?"

"मी कामाची चौकशी करायला आलेय."

"मग मी वेगळं काय म्हणतेय? चप्पल बाहेर काढ."

काम मात्र मजेचं आहे. पुठ्ठ्याचे दोन साचे असतात, हुबेहूब सारखे, पंख्यासारख्या घड्या घातलेले. खालचा टेबलावर ताणून पसरायचा, त्यावर कापड, त्यावर वरचा साचा, खाचेत खाच बसवून. मग एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला बाई, दोघींनी हळूहळू मिटत आणायचं. पुठ्ठ्याबरोबर मधलं कापडही मिटतं. मग ती गुंडाळी दोरीने बांधायची आणि वाफेच्या पेटीत ठेवायची. पेटी कसली, माणूस उभा राहील एवढं लोखंडी कपाट आहे. पूर्ण निवल्यावर उघडली की कापडाला जन्माची चुणी. शाळेचे स्कर्ट, नाचणाऱ्यांचे घेर, खिडक्यांचे पडदे, सगळं येतं.

पेटी सांभाळणारे एक काका आहेत, वाफवाले काका. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "तीन हात कापड आत गेलं आणि एक हात बाहेर आलं. बाकीचे दोन हात गेले कुठे?"

"जातील कुठे? आत आहेत."

"आत म्हणजे कुठे?"

"विचारतेस म्हणजे तू अजून बाहेर आहेस," म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

विनोदी माणूस आहे. वाटखर्चापुरतं जमलं की मी निघणार. आईला बंदराचं सांगू नकोस, ती बोट म्हटलं की बुडालेलीच धरते.

तुझी भिंगरी


ऑगस्टचा शेवट, नक्की तारीख बाईंना विचारायचा कंटाळा

दादा,

उत्तर नाही. रागावलायस ना, राहा.

मी आज निघाले होते. बाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. मी मनाची तयारी करून गेले होते भांडायला, सगळं वाया.

तुला रस्ता सांगते, कारण यात माझं काही चुकत असेल तर तूच दाखवशील. कारखान्यातून उजवीकडे वळलं की आधी किल्लीवाला, त्याच्याजवळच टपालपेटी, मग कायम बंद असलेलं निळं शटर, मग न्हाव्याचं दुकान, मग शाळेची लांबच लांब भिंत, आणि भिंत संपली की बसथांबा. रोज बघतेय. त्या भिंतीवर पोरांनी मांजर काढलंय, अगदी आपल्या हेडमास्तरसारखं दिसतं, मिशांसकट.

आज किल्लीवाला गेला, निळं शटर गेलं, आणि पुढे किल्लीवाला आला.

तोच माणूस. तीच किल्ली घासत होता. मान वर करून म्हणाला, "काय विसरलात?"

"काही नाही."

मला वाटलं, विचारांच्या नादात मागे फिरले असेन, माझं काय सांगता येतं. पुन्हा चालले. निळं शटर, आणि लगेच किल्लीवाला. या खेपेला त्याने मान वर केली नाही. मग मी शटर जिथे संपतं तिथे खाली वाकून बघितलं. फरशीवर एक सरळ रेघ होती, केसाएवढी. रेघेच्या अलीकडची फरशी अर्धी आणि पलीकडचीही अर्धी, पण ती अर्धी दुसऱ्याच फरशीची. रेघेला लागून शाळेच्या भिंतीची चिंचोळी पट्टी होती, तिच्यावर मांजराचं शेपूट होतं, मांजर नव्हतं. शाळेची मधली सुट्टी चालू होती. पोरांचा तो कल्ला त्या रेघेतून येत होता, दार लावलेल्या कपाटातून यावा तसा. मी बोटाने चाचपून पाहिलं. रेघ कोमट होती.

ऊन लागलं असेल. डोक्यावर पाणी मारलं आणि परत आले. काकांनी टेबलापाशी माझं स्टूल आधीच ओढून ठेवलं होतं.

पत्र टाकायला गेले, तर टपालपेटी जागेवर आहे. निदान तेवढं आहे.

भिंगरी


१६ सप्टेंबर

दादा,

आता चेष्टा बंद करून लिहिते. मला इथून निघायचंय आणि निघता येत नाहीये. थंडीच्या आत बंदर गाठलं नाही तर बोटी जातील, पण आता बोटीचं राहू दे, मला थांब्यापर्यंतही जाता येत नाही. निळं शटर आता निम्मंच दिसतं.

सकाळी उठते तेव्हा माझ्या पोटऱ्यांवर आडव्या रेघा असतात. चादरीच्या वळांसारख्या, पण वेड्यावाकड्या नाहीत, एकसारख्या अंतरावर. आधी चहा होईपर्यंत जायच्या, आता दुपारपर्यंत राहतात. मी गुडघे पोटाशी घेऊन झोपते. मी! जिला आई म्हणायची, हिच्याशेजारी झोपायचं म्हणजे गाढवाशेजारी झोपायचं.

काकांना विचारलं, "तुम्ही घरी कधी जाता?"

"हे काय, घरीच तर आहे."

"म्हणजे बाहेर? रस्त्यावर?"

"रस्ता आहे की मला." त्यांनी बोटाने दाखवलं. पेटीपासून दारापर्यंत. "पूर्वी पार नदीपर्यंत होता. मी खलाशी होतो, पोरी. घरी टिकायचो नाही. बायकोने माझं जाकीट आणून दिलं इथे. बिचारी वाट बघून कंटाळली होती. मग मी इथेच सापडायला लागलो, रोज डबा घेऊन यायची. गप्पा मारायची. चांगली गेली तिची वर्षं."

"आणि आता?"

"आता ती गेली. गाठ तिची होती, वेळेत सोडली नाही तिने." हे त्यांनी असं सांगितलं, जसं कुणी सांगेल की आज नळाला पाणी नाही.

कसलं जाकीट, कसली गाठ, मी विचारत राहिले. त्यांनी नुसती मान वर केली. भिंतीला छतापाशी एक फळी आहे, तिथल्या गुंडाळ्या मी कधी वाफेला जाताना पाहिल्या नव्हत्या. मला वाटायचं, जुने साचे ठेवले असतील. बाई कापड आणायला गेल्या तशी मी टेबलावर स्टूल ठेवून चढले.

प्रत्येक गुंडाळीच्या कडेला आतल्या कापडाची थोडी किनार दिसते. एक रेनकोट होता. एक शाळेचा टाय. कोणाची तरी लांब पायांची पट्ट्यापट्ट्यांची विजार. आणि कोपऱ्यातल्या, सगळ्यांत नव्या गुंडाळीत पिवळं.

तो पिवळा शर्ट मी ओळखते. त्याच्या खिशाखाली भोक आहे. शेकोटीची ठिणगी पडली होती आणि आईने त्यावर हिरव्या दोऱ्याने रफू केलं होतं, कारण पिवळा संपला होता. तो मी निघाले तेव्हा घरी, दाराच्या मागे, खिळ्यावर होता.

दोरीची गाठ पण ओळखते. सतरंज्या बांधतोस ना, तशी आहे. दुहेरी, आणि टोकं आत खोचलेली.

दादा, तू इथे कधी येऊन गेलास?


१८ सप्टेंबर

मीच सोडायला गेले होते. लिहून ठेवते, म्हणजे तुला वाटायला नको की मी बसून राहिले. गाठीला हात लावला तर बोटं दुमडली, मुठीत मिटली, आणि संध्याकाळपर्यंत उघडली नाहीत. काकांनी पेटीची वाफ दिली तेव्हा एकेक करून सुटली.

बाईंना कळलंच. ओरडल्या नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "ज्याची गाठ त्यानेच सोडायची. दुसऱ्याने हात लावला की त्यालाही घेते."

"माझ्या भावाला तुम्ही काय सांगितलंत?"

"तोच मला सांगत होता. उंच, बुटांना पॉलिश, नखं खाणारा. तोच ना? बहीण कुठे कुठे फिरते, आई रात्रभर दाराकडे डोळे लावून असते, म्हणाला. मी त्याला म्हटलं, अंगावरचा कपडा आण, वर्षातून दोनचारदा तरी येईल-जाईल इतपत घडी बसवू. एवढंच बसवतो आम्ही. माणसं एका गावात राहतात, बाजारात जातात, सणासमारंभाला घरी जातात. वाईट नसतं ते."

"मला निळ्या शटरपर्यंत जाता येत नाही."

त्या पहिल्यांदाच चपापल्या. शिडी लावून वर चढल्या, गुंडाळीच्या कडेवरून बोट फिरवलं, बोट जिभेला लावलं. खाली आल्या तेव्हा त्या कारखान्याच्या बाई उरल्या नव्हत्या, नुसती घाबरलेली म्हातारी होती.

"अगं, याने खळ केली. धुतला, खळ केली आणि इस्त्री मारून आणला."

तुला कळलं का काय झालं ते? कपडा चुरगळलेला आणायचा असतो, अंगावरून काढला तसा. कोपराला जिथे मोड पडलेली असते, गुडघ्याला फुगा आलेला असतो, ते जुनं वळण कापड सोडत नाही, म्हणून नवी चुणी अर्धीच बसते. माणसाला हलायला जागा राहते. तू माझा शर्ट कोरा करकरीत करून दिलास. घडी पडली ती पार तळापर्यंत. बाईंचा काय दोष, त्यांना अंधाऱ्या दिवशी दिलास, आणि इस्त्रीचा कपडा कोण आणतं इथे?

तूच आणणार. तू मोजेसुद्धा इस्त्री करतोस.

मला खूप शिव्या द्यायच्या होत्या. मनात जमवून ठेवल्या होत्या. पण मला सारखं दिसतंय की तू ओट्यावर घोंगडी पसरून, तोंडाने पाणी फवारून, ते हिरवं रफू जपून इस्त्री करतोयस.

पहिली थंडी पडली की वरच्या फळीवरच्या नव्या गुंडाळ्यांना पुन्हा एकदा वाफ देतात. मग दोरी कापून टाकतात. मग सोडायला गाठच राहत नाही, माझी जागाही काकांइतकी होईल. हे बाईंच्या हातात नाही, त्यांना विचारलं मी. पेटी तेव्हा आपोआप तापते.

थंडीच्या आत ये. गाठ सोड.


३ ऑक्टोबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पहिल्यांदाच तुझ्या अक्षरात खाडाखोड बघितली. "मला वाटलं तू जवळपास राहशील एवढंच होईल. मी येतो. पुढच्या रविवारी. आईला काही सांगितलेलं नाही." बरं.

तू येण्याआधी एक गोष्ट तुला माहीत हवी. बाईंनी काल सांगितली, आणि सांगताना कापड मोजत राहिल्या, माझ्याकडे बघितलं नाही. साधी घडी सोडली तर माणूस पूर्वीसारखा होतो. तळापर्यंत बसलेली सोडायची तर ओल्या वाफेवर धरावी लागते, आणि तिच्याबरोबर सगळंच उलगडतं. नवी चुणी जाते तशी जुनी वळणंही जातात. कापड कोरं होतं. त्याला कोपर कुठे, खांदा कुठे, आठवत नाही.

"म्हणजे मी मरेन?"

"छे. चांगली चालशील. फक्त परतायचं कुठे ते तुला ठाऊक नसेल. कोण कोणाची ते ठाऊक नसेल."

"बंदर?"

"पाय ओढतील तिकडे. ते मला सांगता यायचं नाही, पोरी."

तर असं आहे. गाठ राहिली तर मी आहे, इथेच आहे, तुला केव्हाही सापडेन. सुटली तर मी कुठेतरी आहे, पण तुझी नाही.

तुला खरं सांगते, इथे वाईट वाटत नाही, आणि त्याचीच भीती वाटते. मला झोप गाढ लागते. माझे कपडे चौकोनी घड्यांत असतात. सकाळी मी सगळ्यांआधी स्टुलावर असते. बाई म्हणतात, असा हात त्यांनी पाहिला नाही, खाचेत खाच पहिल्या झटक्यात. या पत्रात मी एकदाही भरकटले नाही, बघितलंस? आधी ड्रायव्हर, मांजर, काय काय यायचं. आता बसते आणि सरळ लिहून होतं. तुला आवडलं असतं.

टपालपेटी आता मला दिसत नाही. हे बाई टाकतील.


रविवार, सकाळ

दादा,

हे टपालाने येणार नाही. टेबलावर ठेवतेय, कात्रीखाली. तू आत येशील, बाई शिडी लावतील, गुंडाळी खाली आणतील, त्याच्याआधी हे वाच.

रात्री खिडकीच्या काचेवर धुकं धरलं होतं. काकांनी पेटीला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे आपोआप कोमट झाली होती. तेव्हा आज नाही तर नाहीच.

तू दारात उभा राहून मनाशी हिशेब मांडणार, मला माहीत आहे. गाठ न सोडणं सोपं आहे. दर रविवारी येशील, आईलाही आणशील. मी चहा देईन. मी आईला सगळं पहिल्यापासून नीट सांगेन, मधेच उठून जाणार नाही. तू बोलशील त्याला हो म्हणेन. चांगली बहीण मिळेल तुला दादा, इतकी चांगली की एखाद्या रविवारी चहा पिता पिता तुला वाटेल, हिच्याशी एकदा कडकडून भांडावं. आणि ती भांडणार नाही.

सोड. मी सांगतेय म्हणून सोड, स्वतःच्या माथी घेऊ नकोस. तू चूक केलीस ती माझ्या काळजीने केलीस, पण माझं आयुष्य इस्त्री करायला तुला कोणी सांगितलं होतं? हे एकदाच म्हणून घेतलं. आता राग संपला. खरंच संपला की घडीने खाल्ला, ते मला सांगता येत नाही, म्हणून तर सोड.

काका पेटीचं दार अर्धं उघडतील. गुंडाळी वाफेवर धर, हात भाजेल, फडकं घे. आधी खोचलेली टोकं बाहेर काढ, मग वरचा वेढा. घाई केलीस तर गाठ आवळते, तुझीच आहे, तुला माहीत आहे. शर्ट घरी ने. झटकू नकोस, नुसता खिळ्यावर टाक.

मी समोर थांबत नाही. माझं तोंड बघितलंस तर तुझे हात चालणार नाहीत, आणि कदाचित मीच म्हणेन की राहू दे. मी किल्लीवाल्यापाशी उभी आहे. माझा रस्ता आता तिथपर्यंतच आहे, त्यामुळे दारातून तुला दिसेन, पाठमोरी. शेवटचा वेढा निघाला की बाहेर बघ. निळं शटर दिसेल, न्हावी दिसेल, शाळेची भिंत एकदम लांबच लांब पसरलेली दिसेल, आणि तिच्या कडेने कोणीतरी चालत असेल. फार वेगाने चालत असेल. हाक मारू नकोस. हाकेला ती वळून बघेलही, कोणाला हाक मारताहेत म्हणून, आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसेल ते तुला घरी घेऊन जाववणार नाही.

किल्लीवाल्याने दुकान उघडलं. निघते.

आईला सांग, पोटभर जेवून निघाली.